‘नाही’चे दोन अर्थ

मी यावलचा. आमच्याकडे पॅकिंगचं महत्त्व कुणाला सांगावं लागत नाही. शेतकऱ्यानं केळी कितीही उत्तम पिकवली तरी रावेर-सावद्याहून निघालेला माल दिल्लीत कसा उतरतो, हे तो भरणाऱ्याच्या हातातही असतं. मुक्त संगणक प्रणालींमधली ‘पॅकेजं’ बांधणारी माणसं ही अशीच, मालक आणि गिऱ्हाईक यांच्या मधली. त्यांनी बांधलेल्या एका पॅकेजची ही हकीकत.

फाइल वाचायची असो की वेळ विचारायची, संगणकावरचा प्रोग्रॅम कर्नलकडे, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याकडे अर्ज करतो. त्याला सिस्टम कॉल म्हणतात. 2005 साली आंद्रेआ आर्कांजेली यांनी लिनक्समध्ये ‘सेककॉम्प’ ही सोय आणली. आपला रिकामा संगणक परक्याच्या कामाला भाड्यानं देता यावा, हा हेतू. परक्या प्रोग्रॅमला मोजून चार कॉलची मुभा. पाचवा केला की तो जागीच बंद! भाड्याची कल्पना मागे पडली, सोय राहिली. 2012 मध्ये विल ड्र्युरी यांच्या कामामुळे कोणता कॉल घ्यायचा आणि कोणता अडवायचा, याची चाळणी ज्याची त्याला लावता येऊ लागली.

अडचण होती आकड्यांची. कर्नल कॉलला नावानं नव्हे, क्रमांकानं ओळखतो, आणि क्रमांक यंत्रागणिक वेगळे. ‘वाचणं’ 64 बिटी इंटेलवर 0, 32 बिटीवर 3, तर 64 बिटी आर्मवर 63. पॉल मूर यांच्या ‘लिबसेककॉम्प’ लायब्ररीनं हा गुंता सोडवला. आपण नाव सांगायचं, क्रमांक ती शोधते. त्यासाठी तिच्या पोटात यादी असते, आणि यादी म्हटली की ती जुनी होणारच.

डेबियनचे स्वयंसेवक अशी लायब्ररी निरनिराळ्या यंत्रांसाठी बांधून देतात. स्थिर आवृत्ती निघाली की सुरक्षेच्या आणि गंभीर दुरुस्त्यांपलीकडे तिला सहसा हात लावत नाहीत. हा नियम मला पटतो. पण 2019 च्या डेबियन 10 मध्ये लिबसेककॉम्प 2.3.3 होती, आणि त्याच वर्षी नव्या कर्नलमध्ये 32 बिटी यंत्रांसाठी वेळेचे नवे कॉल आले. त्या यंत्रांचं जुनं घड्याळ 19 जानेवारी 2038 ला संपतं, म्हणून. जुन्या यादीत हे कॉल कुठून असणार?

जानेवारी 2021 मध्ये आलेली अल्पाइन 3.13 ही प्रणाली नव्या कॉलनं वेळ विचारू लागली. 32 बिटी डेबियन 10 वर ती डॉकरमध्ये चालवली की तारीखच चुकायची, आणि तारीख चुकली की सुरक्षित जोडण्याही नाकारल्या जायच्या. गंमत अशी, की खालच्या जुन्या कर्नललाही तो कॉल ठाऊक नव्हता. त्याच्यापर्यंत अर्ज पोचता, तर त्यानं ‘असा कॉल नाही’ म्हटलं असतं आणि प्रोग्रॅमनं मुकाट जुन्या कॉलनं वेळ विचारली असती. मधली चाळणी मात्र म्हणाली, ‘परवानगी नाही’. कचेरीत हेलपाटे घातलेल्याला ‘या खिडकीवर नाही’ आणि ‘होणार नाही’ यांतला फरक समजावून सांगायला नको.

अल्पाइननं लिहून कळवलं, की यजमान यंत्रावर लिबसेककॉम्प 2.4.2 किंवा पुढची हवी. डेबियनच्या स्वयंसेवकांनी नवी आवृत्ती डेबियन 10 साठी पुन्हा बांधून ‘बॅकपोर्ट्स’मध्ये ठेवली होती. ज्याला गरज, त्यानं ते एकच पॅकेज तिथून हातानं उतरवून घ्यायचं होतं.