आजीची भाकरी आणि कमलाबाई निंबकर

हा भाग मी आण्यात, आमच्या पडवीत बसून रेकॉर्ड केलाय. कल्याण-नगर रस्ता घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे मध्येच घाट चढून आलेल्या ट्रकचा हॉर्न ऐकू आला तर समजून घ्या. लिहून काढताना बोललेलं थोडं सारखं केलंय, बाकी तसंच ठेवलंय.

आपण इथे एरवी किल्ले, नाणेघाट, ताम्रपट असं काय काय बोलतो. आजचा इतिहास आमच्या मोरीपासून सुरू होतो. दीड वर्षापूर्वी रात्री आजी मोरीकडे निघाली, उंबऱ्याला पाय अडला आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. हॉस्पिटलनं घरी सोडताना गोळ्यांची यादी दिली आणि सांगितलं, "आता आराम." म्हणजे नेमकं काय, ते कुणी सांगितलं नाही. विसरायला तर ती आधीपासूनच लागली होती. गॅस चालू ठेवायची, तोच प्रश्न पाच वेळा विचारायची. आम्ही म्हणायचो, वय झालं. मराठीत म्हण तयारच आहे ना, साठी बुद्धी नाठी.

या म्हणीवर एक गंमत सांगतो. १९०१ साली जर्मनीत फ्रँकफर्टच्या रुग्णालयात ऑगस्ट डेटर नावाची ५१ वर्षांची बाई दाखल झाली. तिचे डॉक्टर आलोइस अल्झायमर. ती गेल्यावर त्यांनी तिचा मेंदू तपासला आणि १९०६ मध्ये त्यावर व्याख्यान दिलं. १९१० साली आजाराला त्यांचं नाव मिळालं. पण नंतर कित्येक वर्षं डॉक्टर हा आजार फक्त पन्नाशी-साठीच्या आतल्या लोकांचा मानत. त्यापुढचा माणूस विसरायला लागला तर ते वयाचं. १९७६ मध्ये रॉबर्ट कॅट्झमन नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं ठामपणे लिहिलं की हे दोन्ही एकच आहे, म्हातारपणातलाही हा आजारच आहे. म्हणजे १९७६ पर्यंत मोठमोठे डॉक्टरसुद्धा आपली म्हणच इंग्रजीत म्हणत होते की!

भारतात २०२३ साली छापून आलेल्या मोठ्या पाहणीचा अंदाज आहे की साठीपुढच्या १०० जणांत साधारण ७ जणांना डिमेन्शिया आहे. एकूण सुमारे ८८ लाख माणसं. त्यातली एक आमच्या घरात.

आता मी काय केलं ते ऐका. मी इंजिनिअर. प्रॉब्लेम दिसला की आम्ही ॲप बनवतो. दोन वीकेंड घालवून एक ॲप लिहिलं. जुना टॅबलेट कपाटावर लावला. दर दोन तासांनी माझ्याच आवाजात, "आजी, पाणी प्या," "आजी, गोळी घ्या." पुण्यात बसून मला लॉग दिसायचा, सगळं हिरवं. मी खूश. तिसऱ्या दिवशी दुपारी चारला ॲप बोललं आणि आजी मला शोधायला उठली. आवाज येतोय म्हणजे पोरगा आलाय, मग दिसत कसा नाही? घरात शोधलं, ओट्यावर शोधलं, मग वॉकर तिथेच टाकून भिंत धरत धरत थेट रस्त्यापर्यंत गेली. शेजारच्या काकांनी पाहिलं म्हणून बरं. माझ्या लॉगमध्ये त्या वेळेला लिहिलं होतं, "रिमाइंडर यशस्वी."

त्या रात्री आई मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतर घरानं उलटं टोक गाठलं. आजीला कशालाच हात लावू द्यायचा नाही. चूल नको, गॅस नको, विळी नको. खाटेवर बसायचं. ती चिडायला लागली, ताट ढकलायला लागली. संध्याकाळ झाली की "मला माझ्या घरी सोडा" हा घोषा. साठ वर्षं ती याच घरात आहे! वडील म्हणाले, पुण्याला एखाद्या वृद्धाश्रमात बघू. आई म्हणाली, बघा. यावर आमच्यात बरंच काही झालं, ते इथे सांगत नाही.

नाव काढायच्या आधी एक शेवटचा उपाय म्हणून आम्ही पुण्यात एका ओटी मॅडमना भेटलो. ओटी म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी. मराठीत सरकारी शब्द आहे व्यवसायोपचार. वडिलांना वाटलं, ह्या बाई आजीला धंद्याला लावणार. हसू नका, शब्दच तसा आहे. इथे व्यवसाय म्हणजे धंदा नाही, माणूस दिवसभर ज्यात गुंतलेला असतो ते. अंघोळ, कपडे, जेवण, निवडणं-टिपणं, देवाला फूल वाहणं, सगळं त्यात आलं.

मॅडमनी फाईल बाजूला ठेवली आणि आईला विचारलं, "या आधी दिवसभर काय करायच्या?" आई म्हणाली, "भाकरी. आत्याबाईंच्या हातची भाकरी सगळ्या गावाला माहीत आहे."

हा प्रश्न कुठून आला, हे शोधताना मला कमलाबाई सापडल्या.

मूळ नाव एलिझाबेथ लंडी. जन्म १९००, अमेरिकेत, क्वेकर घरात. निंबकर नावाच्या मराठी माणसाशी लग्न करून १९३० च्या सुमारास त्या भारतात आल्या आणि कमला निंबकर झाल्या. पुढे पुन्हा अमेरिकेत जाऊन ऑक्युपेशनल थेरपी शिकल्या. तिथे हा विषय तेव्हा काही फार जुना नव्हता. १९१७ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका गावात सहा जणांनी मिळून त्याची संघटना काढली होती. त्यातला एक, जॉर्ज बार्टन, व्यवसायानं आर्किटेक्ट. क्षयानं पोखरलेला आणि डावी बाजू लुळी पडलेला. अंथरुणावर पडून राहण्यानं माणूस बरा होत नाही, हातानं काही करण्यानं होतो, हे त्यानं स्वतःच्या अंगावर करून पाहिलं होतं. योगायोग बघा, त्याच १९१७ साली मुंबईत पहिल्या महायुद्धातल्या जायबंदी भारतीय सैनिकांना हातकाम शिकवायला क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट निघालं. ते नंतर खडकीला आलं, आजही आहे. पुणेकरांनो, पुढच्या वेळी तिकडून जाताना बोर्डकडे बघा.

तर कमलाबाईंनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपीचं विद्यालय सुरू केलं. भारतातलं पहिलं, आणि आशियातलंही पहिलं म्हणतात. १९५२ मध्ये या लोकांची अखिल भारतीय संघटना झाली, पहिल्या अध्यक्ष कमलाबाई. त्याच वर्षी जागतिक संघटना निघाली, तिच्या पहिल्या दहा देशांत भारत होता. स्वातंत्र्याला पाच वर्षं झालेली, देशात धान्य रेशनवर, आणि तेव्हा एक बाई सांगतेय की लुळ्या माणसाला शर्टाचं बटण स्वतः लावता आलं पाहिजे, हेसुद्धा वैद्यकशास्त्र आहे. मला ही गोष्ट फार भारी वाटते. शेवटच्या काळात त्यांचं नातं फलटणशी जुळलं, कारण मुलगा बनबिहारी निंबकर तिथे शेतीसंशोधन करायचे. सून जाई निंबकर म्हणजे इरावती कर्व्यांची लेक. कमलाबाई १९७९ साली गेल्या. फलटणची कमला निंबकर बालभवन ही शाळा त्यांच्याच नावानं आहे, पण शाळेचं नाव ऐकलेल्या किती जणांना त्यांचं हे काम माहीत असेल? मला तरी नव्हतं.

आता मॅडमकडे परत येतो. त्या म्हणाल्या, नाव विसरणारा मेंदू आणि भाकरी थापणारा मेंदू वेगळा असतो. मला पटलं नाही, म्हणून घरी येऊन वाचलं. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या तरुणाच्या मेंदूवर फिट्ससाठी शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर त्याला नवीन काही लक्षातच राहीना. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात बघून तारा गिरवायला लावला. दर दिवशी तो म्हणायचा, हे मी आयुष्यात पहिल्यांदा करतोय. आणि दर दिवशी हात आदल्या दिवसापेक्षा सफाईनं चालायचा! डोक्याला पत्ता नाही, हाताला आहे. १९६२ मध्ये हे छापून आलं. अल्झायमर हा वेगळा आजार, त्यात हळूहळू हातही विसरतात, पण बहुतेकदा नावांच्या बरेच नंतर.

मग घरात बदल झाले. एकही महाग नाही. खाटेखाली लाकडी ठोकळे लावून ती इतकी उंच केली की आजी काठावर बसली तर पाय सपाट जमिनीला टेकतात आणि उठताना जोर येतो. सतरंज्या आणि पायपुसणी गेली. उंबऱ्याच्या कडेला पिवळी पट्टी. खाटेपासून मोरीपर्यंत मंद दिवा आणि भिंतीला स्टीलची दांडी. रात्रीपुरती खाटेजवळ कमोडची खुर्ची. मोरीच्या दारावर बादली-तांब्याचा मोठा फोटो, कारण अक्षर वाचायला वेळ लागतो, चित्राला लागत नाही. गळ्यात काळ्या दोऱ्यात चकती, तिच्यावर वडिलांचा नंबर.

नऊवारीचा प्रश्न सगळ्यात अवघड होता. कासोटा सोडेपर्यंत उशीर व्हायचा, लुगडं ओलं व्हायचं, मग आजी लाजून दिवसभर पाणीच प्यायची नाही. आम्ही गाऊन आणला. तिनं तो आईच्या अंगावर फेकला. शेवटी आळेफाट्याच्या टेलरकडून तिच्याच जुन्या लुगड्याची कमरेला इलॅस्टिक लावून साडी शिवून घेतली. लग्नात पोरी शिवलेली नऊवारी घालतात ना, त्यावरून आईला सुचलं. आरशात बघून आजी काही बोलली नाही, पण पदर नीट केला. आम्हाला तेवढं पुरलं. पाणीही प्यायला लागली.

"मला घरी सोडा" चं काय करायचं? आधी मी वाद घालायचो, "आजी, हेच तुमचं घर." १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत अशीच एक पद्धत निघाली होती, रुग्णाला सतत वार, तारीख, ठिकाण सांगत राहायचं. पाटी, घड्याळ, कॅलेंडर याचा उपयोग होतोही. आमच्याकडे मोठ्या आकड्यांचं घड्याळ आहे, सकाळी ते बघून आजी वार सांगते. पण संध्याकाळी घाबरलेल्या माणसाला तारीख सांगून काय होणार? नाओमी फाईल नावाच्या बाईंनी १९६० च्या दशकात वृद्धाश्रमात काम करताना हेच पाहिलं आणि दुसरी वाट धरली. दुरुस्त करू नका, त्यामागची भावना ओळखा. आता आई विचारते, "घरी कोण आहे हो, आत्याबाई?" मग आजी तिच्या आईबद्दल, माहेरच्या विहिरीबद्दल सांगत बसते. कधी कधी रडते. पण दाराकडे जात नाही.

ॲप मी काढून टाकलं. टॅबलेटवर आता भजनं लागतात.

आणि भाकरी. खाली बसता येत नाही, म्हणून हातांची खुर्ची आणि तिच्या कोपराच्या उंचीचं टेबल, वर परात, खाली ओलं फडकं म्हणजे सरकणार नाही. परातीत पीठ एका वेळी एकाच भाकरीपुरतं ठेवायचं. पूर्ण डबा समोर असला की ती पाणी घातलं की नाही हे विसरते आणि घालतच राहते. एकच गोळा समोर असला की हात आपोआप चालतात. तवा आईकडे. पहिल्या दिवशी मी शूटिंग करत होतो. भाकरी गोल, कडा एकसारखी, आणि ती थापणाऱ्या बाईनं माझ्याकडे बघून विचारलं, "हा कुणाचा पोरगा?"

मला लागलं. खोटं कशाला बोलू.

सरकारी मदतीचं पटकन सांगतो, कारण मेसेज येतात. राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे, काठी, वॉकर, व्हीलचेअर, चष्मा वगैरे साधनं मिळतात, उत्पन्नाची अट आहे. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना २०२४ ची, ६५ वर्षांपुढच्यांना एकदाच ३००० रुपये, तिथेही उत्पन्नाची अट. दोन्हीतून वस्तू येते किंवा पैसे येतात. खाटेची उंची किती हवी, हे सांगायला घरी येणारा माणूस येत नाही. जुन्नर तालुक्याच्या या टोकाला, पठारावर, जिथे उन्हाळ्यात पाण्याची ओरड असते, तिथे ओटी म्हटल्यावर लोकांना ओटी भरणंच आठवतं. केईएममधल्या त्या विद्यालयाला ७५ वर्षं झाली, आणि आम्हाला त्या मॅडम सापडल्या त्या ओळखीच्या ओळखीतून.

वृद्धाश्रमाचा विषय तूर्त बंद आहे. तूर्त म्हणतोय, कारण आईची पाठ दुखते आणि वडील साठीकडे आलेत. मी आठवड्यातले तीन दिवस इथून काम करतो. रेंज पडवीतच येते, म्हणून मीटिंगमध्ये मागे कोंबडा ओरडतो आणि टीमला त्याची सवय झालीय.

आण्याची आमटी तुम्हाला माहीत असेल. हिवाळ्यात रंगदास स्वामींच्या पुण्यतिथीला मोठमोठ्या कढयांत आमटी शिजते आणि भाकरी आसपासच्या गावांतून, घराघरांतून येतात. यंदा आमच्या घरच्या भाकरीत आजीच्या अकरा होत्या. बाराव्या गोळ्याला थांबली आणि म्हणाली, "कुणाचं लगीन हाय गं?"

"लगीन नाय आत्याबाई, स्वामींची आमटी हाय."

आजीनं परातीत बघितलं. "मग पीठ एवढंच का काढलं?"