येवल्याचा माग आणि संगणकाचा पसारा

श्रोते हो, येवल्यात पैठणीच्या मागापाशी उभे राहिलात, तर एक गोष्ट चटकन ध्यानात येते. साडी येवल्याची; पण रेशीम येते बंगळूरकडून, जर येते सुरतेहून. जर वेळेवर आली नाही की पदर अडला आणि विणकर बसून राहिला. शिवाय, ताणा मागावर चढल्यावर मध्येच दुसऱ्या जातीचे सूत कुणी घालीत नाही. नवे सूत चांगले असले, तरी ते पुढच्या साडीला!

शाळेतल्या संगणकाचेही असेच आहे, बरे का. पडद्यावर एक मराठी ओळ उमटायची, तर लिहिण्याची आज्ञावली वेगळी, जोडाक्षरे जुळवणारी वेगळी, फॉन्ट वेगळा. प्रत्येकीचा कर्ता निराळा, बहुधा निराळ्या देशातला.

फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्सने 1991 साली लिनक्स आणले, तेव्हा बाकीचे सामान ज्याचे त्याने गोळा करावे लागे. इयान मर्डॉक या तरुणाने 16 ऑगस्ट 1993 रोजी डेबियनची घोषणा केली. पुढे तिथे प्रत्येक पॅकेजला चिठ्ठी जोडली जाऊ लागली: मला अमुक लागते, त्याची इतकी तरी नवी आवृत्ती हवी, तमक्याशी माझे जमत नाही. 1999 पासून 'ॲप्ट' ही आज्ञावली त्या चिठ्ठ्या वाचून सारे सामान आपणच आणू लागली. केवढा त्रास वाचला!

पण सोय झाली की आपण कुणावर विसंबून आहोत, याचा विसर पडतो. मार्च 2016 मध्ये 'एनपीएम' या कोठारातून एका कर्त्याने आपली 11 ओळींची छोटी आज्ञावली काढून घेतली. शब्दाच्या डावीकडे रिकामी जागा भरणे, एवढेच तिचे काम. तेवढ्याने जगभर हजारो कामे अडली. कोठाराच्या चालकांना ती परत ठेवावी लागली, नियमही बदलावे लागले.

आता नवे केव्हा घ्यायचे? डेबियनची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी निघते. मधल्या काळात नवी पॅकेजे तीत सहसा येत नाहीत. जुन्यालाच डागडुजी होते. उतावळ्यांना हे रटाळ वाटते. आमच्या मते यात विणकराचे शहाणपण आहे.

2024 सालचे पाहा. 'एक्सझेड' या लहानशा पॅकेजात, दोन वर्षे गोड बोलून विश्वास मिळवलेल्या कुणा अज्ञाताने चोरवाट ठेवली. आंद्रेस फ्रॉइंड यांना संगणकात शिरताना अर्धा सेकंद जास्त लागतो, असे दिसले. त्यांनी माग काढला आणि 29 मार्चला ते जाहीर केले. डेबियनच्या चाचणी-आवृत्तीत ते दूषित पॅकेज पोचलेही होते. स्थिर आवृत्तीत मात्र जुनेच होते, म्हणून ती वाचली.

अर्थात जुने म्हणजे कायमचे नव्हे. स्थिर आवृत्तीची डागडुजी सुमारे पाच वर्षे चालते, मग थांबते. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक संस्थेची 'बॉस' ही प्रणालीही डेबियनवरच उभी आहे. गुरुजी, शाळेतल्या यंत्रावर कोणती आवृत्ती आहे आणि तिची मुदत केव्हा संपते, हे एकदा पाहून फळ्यावर लिहून ठेवा.