हिरड्यांखालची सफाई : हजार वर्षांचा उपचार

‘डॉक्टर, दात साफ करून घेतले की ते हलायला लागतात म्हणे?’ मधुमेहाच्या रुग्णांना दातांच्या डॉक्टरांकडे जायला सांगितले की हा प्रश्न हमखास येतो. हिरड्यांतून रक्त येत असते, तोंडाला वास असतो, दाढ दुखत असते. पण डीप क्लीनिंग नको असते. या भीतीपायी काही जण पन्नाशीतच कवळीवर येतात. हा उपचार आला कुठून, हे आज सांगतो.

स्पेनमधील कॉर्डोबाजवळ अल्-झहरावी नावाचे शल्यवैद्य होऊन गेले. इ. स. १००० च्या सुमारास लिहिलेल्या त्यांच्या ग्रंथात दातांवरचे किटण खरवडण्याच्या हत्यारांची चित्रे आहेत. दाताच्या आतल्या बाजूला एक, बाहेरच्या बाजूला दुसरे, फटीत तिसरे. एका बैठकीत काम झाले नाही तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा खरवडा, असेही ते सांगतात. आजही डीप क्लीनिंगला बहुतेकदा दोन किंवा अधिक बैठका लागतात.

पुढची गोष्ट हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या लेव्हेनहूक या कापड व्यापाऱ्याची. हा गृहस्थ रोज मिठाने दात घासायचा. तरी १६८३ साली आपल्याच दातांमधला पांढरा थर त्याने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर त्यात असंख्य जीव वळवळत होते. मग त्याने जहाल व्हिनेगरने चूळ भरली. फटीतले जीव जिवंतच! तोच थर बाहेर काढून व्हिनेगरमध्ये कालवल्यावर मात्र ते मेले. चूळ आतपर्यंत पोहोचत नाही, हे त्याने ओळखले. माउथवॉशच्या बाटलीवर विसंबणाऱ्यांनी हा प्रयोग जरूर लक्षात ठेवावा.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील हार्टफर्डचे दंतवैद्य जॉन रिग्ज यांनी या उपचाराला आजचे वळण दिले. सुजलेली हिरडी कापून टाकण्याची तेव्हा पद्धत होती. रिग्ज म्हणाले, हिरडीचा दोष नाही, तिच्याखाली दाताला चिकटलेल्या किटणाचा आहे. ते काढा, हिरडी आपोआप बरी होईल. आपण ज्याला पायोरिया म्हणतो, त्याला अमेरिकेत बरीच वर्षे ‘रिग्जचा रोग’ म्हणत.

मग गाडी रुळावरून घसरली, आणि ती घसरवण्यात आम्हा फिजिशियन मंडळींचा हात मोठा होता. लंडनचे डॉ. विल्यम हंटर यांनी १९१० साली माँट्रियलच्या भाषणात तोंडातला पू हा अनेक आजारांचे मूळ असल्याचे मांडले. त्यातून संधिवातापासून अशक्तपणापर्यंत कशासाठीही दात उपटण्याची लाट आली. कित्येकांची अख्खी बत्तीशी गेली, आजार मात्र तसाच राहिला.

१९६५ साली डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लो यांनी साधा प्रयोग केला. निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणे बंद करायला सांगितले. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणे सुरू केल्यावर आठवडाभरात सूज उतरली. थर साचला की सूज, निघाला की आराम. पण हाच थर कडक होऊन हिरडीखाली उतरला, की ब्रश तिथे पोहोचत नाही. म्हणून डीप क्लीनिंग.

आता त्या दात हलण्याविषयी. हिरडीच्या आजारात दाताभोवतीचे हाड झिजते, त्यामुळे दात आधीच सैल झालेला असतो. किटणाचा थर त्याला टेकू दिल्यासारखा धरून ठेवतो. तो निघाल्यावर फट दिसते, दात काही दिवस जास्त सैल वाटू शकतो. सूज ओसरल्याने हिरडी आक्रसते, मुळाचा भाग उघडा पडतो आणि थंड पाण्याने झिणझिण्या येतात. हे सगळे होऊ शकते, ते मी लपवणार नाही. झिजलेले हाडही सहसा परत भरून येत नाही. पुढची झीज थांबवणे हाच हेतू. हिरडी आवळल्यावर सैल दात पुष्कळदा पूर्वीपेक्षा घट्ट होतात.

हिरडी बधिर करून काम होते, त्यामुळे करताना फारसे दुखत नाही. दोन-चार दिवस ठणका आणि ब्रशला थोडे रक्त, एवढे धरून चाला. दीड ते तीन महिन्यांनी पुन्हा मोजमाप होते. खोल कप्पे उरले असतील तर शस्त्रक्रिया सुचवली जाते. मिश्री, तंबाखू, सिगारेट चालू असेल तर हिरडी नीट भरून येत नाही.

जाताना तुमच्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या. रक्त पातळ करणारी गोळी किंवा हृदयात कृत्रिम झडप असेल तर ते हत्यार लागण्याआधी सांगा, आणि गोळी आपल्या मनाने बंद करू नका. मधुमेहींनी उपाशीपोटी जाऊ नये.