दवाखाना कोणाचा, जबाबदारी कोणाची? वसई-विरारची आरोग्य व्यवस्था समजून घेऊ या

शाळेत पालकसभा झाली की अभ्यासाचे प्रश्न दहा मिनिटांत संपतात आणि मग खरे प्रश्न सुरू होतात. बाळाची लस चुकली, आता कुठे जायचे? जन्मदाखल्यात नाव चुकले, कोण दुरुस्त करणार? विहिरीचे पाणी पिवळे येते, कोणाला सांगायचे? सांडोर आणि वसई गाव परिसरातल्या आपल्या घरांतून हे प्रश्न आम्ही इतक्यांदा ऐकले आहेत की, एकदा सगळे नीट मांडून ठेवावे असे वाटले. हे पान जपून ठेवा, गरज पडली की काढा.

महापालिका कशी बनली

३ जुलै २००९ रोजी वसई-विरार शहर महानगरपालिका अस्तित्वात आली. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि आसपासची पन्नासहून अधिक गावे तिच्यात आली. गावे शहरात नेण्याला पश्चिम पट्ट्यातून मोठा विरोध झाला आणि तो वाद कोर्टापर्यंत गेला. २०११ च्या जनगणनेत महापालिकेची लोकसंख्या १२ लाख २२ हजारांच्या घरात होती, नंतर ती किती वाढली हे लोकलच्या गर्दीत रोज दिसतेच. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला.

याचा आरोग्याशी संबंध असा की, महापालिकेच्या हद्दीत सार्वजनिक आरोग्य पाहणे हे महापालिकेचे काम आणि हद्दीबाहेरच्या गावांत ते जिल्हा परिषदेचे. अर्नाळा गावात ग्रामपंचायत आहे, तिथल्या माणसाने जिल्हा परिषदेच्या प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पाहायचे. म्हणून तक्रार लिहिण्याआधी आपले घर कोणाच्या हद्दीत येते ते घरपट्टीच्या पावतीवर बघून घ्या. चुकीच्या कचेरीत अर्ज दिला तर तो फिरत राहतो आणि आपणही फिरत राहतो.

कायदा काय म्हणतो

शहराचे आरोग्य सांभाळणे ही महापालिकेची मेहेरबानी नाही. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने बारावी अनुसूची जोडली गेली, तिच्यात शहरांच्या संस्थांसाठी १८ विषय आहेत. सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता आणि घनकचरा हा त्यातला एक. पाणीपुरवठा, दफनभूमी आणि स्मशाने, जन्म-मृत्यूची नोंद आणि कत्तलखान्यांचे नियमन हे विषयही तिथेच आहेत. म्हणजे आपल्या घरातल्या बाळाच्या जन्मापासून मय्यतीच्या दफनापर्यंत सगळीकडे महापालिका आहे.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ मध्ये कामांचे दोन भाग केले आहेत. काही कामे करायलाच हवीत आणि काही जमल्यास करायची. सार्वजनिक दवाखाने आणि रुग्णालये चालवणे, लसीकरण, गटारे, कचरा, दफनाच्या जागांची व्यवस्था ही कामे 'करायलाच हवीत' या भागात येतात.

देखरेख कोण ठेवते

रोजचा कारभार आयुक्तांच्या हातात. त्यांना राज्य सरकार नेमते. त्यांच्या हाताखाली वैद्यकीय आरोग्य अधिकारी असतात. दवाखाने, लसीकरण, साथीचे रोग, खासगी रुग्णालयांची नोंदणी हे सगळे त्यांच्या विभागात येते.

त्यांना प्रश्न विचारायचे काम लोकांनी निवडून दिलेल्यांचे. सगळे नगरसेवक मिळून महासभा होते. २०१५ च्या निवडणुकीत आपल्याकडे ११५ जागा होत्या. महासभेतून १६ जणांची स्थायी समिती निवडली जाते, पैशाच्या चाव्या तिच्याकडे असतात. आयुक्त अंदाजपत्रक आधी स्थायी समितीपुढे ठेवतात, मग ते महासभेत जाते. औषधांना किती, नव्या दवाखान्याला किती, हे तिथे ठरते.

त्याखाली प्रभाग समित्या. आपल्या महापालिकेचे ए ते आय असे नऊ प्रभाग आहेत, वसईचा प्रभाग 'आय'. पाणी, गटार, स्वच्छता यांच्या सामायिक तक्रारी लवकर सोडवणे हे प्रभाग समितीचे कायद्यातले काम. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. मान्यताप्राप्त सामाजिक संस्थांचे तीन जणांपर्यंत सदस्य या समितीवर नेमता येतात. आपल्या जमातींच्या, महिला मंडळांच्या संस्था नोंदणीकृत असतील तर हा दरवाजा त्यांच्यासाठीही आहे.

आता एक कडू गोष्ट. महासभेची मुदत जून २०२० मध्ये संपली, निवडणूक झाली नाही आणि कारभार प्रशासकाकडे गेला. पुढे बरीच वर्षे तो तिथेच राहिला. त्या काळात महासभा नव्हती, स्थायी समितीत प्रश्न विचारणारा नगरसेवकही नव्हता. कोविडचा मोठा काळ आपण असाच काढला. कामे बंद पडली असे आम्ही म्हणत नाही. पण सामान्य माणसाच्या वतीने 'का?' असे विचारणारी खुर्ची रिकामी होती, हे विसरून चालणार नाही.

घराजवळची सेवा

२०१३ मध्ये राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान सुरू झाले. साधारण ५० हजार लोकांमागे एक नागरी आरोग्य केंद्र असावे, असे त्याचे माप आहे. २०११ च्या लोकसंख्येला हे माप लावले तर आपल्या शहराला २४ केंद्रे लागतात. आजच्या लोकसंख्येला किती लागतील, हा हिशेब आठवीतला मुलगाही करील. नगरसेवक मत मागायला आले की हा हिशेब त्यांच्यापुढे ठेवा.

या केंद्रात गरोदर बायकांची तपासणी, बाळांच्या लसी, टीबीची तपासणी, बीपी-शुगरची औषधे मिळायला हवीत. त्याच्याही खाली आशाताई असतात. त्या दोनशे ते पाचशे घरांमागे एक असाव्यात असे ठरलेले आहे. आपल्या गल्लीची आशाताई कोण, तिचा नंबर घरातल्या बायकांकडे असायलाच हवा. मोठ्या उपचारांसाठी वसईत महापालिकेचे सर डी. एम. पेटिट रुग्णालय आहे आणि नालासोपारा पूर्वेला तुळिंजचे रुग्णालय.

लसीबद्दल दोन शब्द. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडी, तसेच भिवंडी आणि मालेगाव इथे गोवराची साथ आली, मुले दगावली. ज्यांना लस मिळाली नव्हती अशी मुले त्यात मोठ्या संख्येने होती आणि त्या वस्त्या बहुतेक आपल्याच होत्या. तेव्हा उलेमांनीही लस घेण्याचे आवाहन केले. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. चुकला असेल तरी केंद्रात जा, उशीर झाला म्हणून परत पाठवत नाहीत.

खासगी रुग्णालयावरही महापालिकेचा हात

पुष्कळांना वाटते की खासगी हॉस्पिटल म्हणजे मालकाचे राज्य. तसे नाही. खाटा असलेल्या प्रत्येक खासगी रुग्णालयाला शुश्रूषागृह नोंदणी कायद्याखाली महापालिकेकडे नोंद करावी लागते आणि दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. जानेवारी २०२१ मध्ये या कायद्याचे सुधारित नियम आले. त्यातले काही तर पाठच करून ठेवावेत असे आहेत:

- दरपत्रक आणि रुग्ण हक्क सनद दर्शनी भागात लावलेली असावी.
- पुरुष डॉक्टर स्त्रीला तपासत असतील तर तिथे दुसरी स्त्री हजर असावी. हे मागताना आपल्या बायकांनी संकोच करू नये, तो त्यांचा हक्क आहे.
- बिल बाकी आहे म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही.
- तक्रार ऐकण्यासाठी महापालिकेकडे कक्ष असावा.

तिसऱ्या नियमाचे मोल आम्ही जवळून पाहिले आहे. आमच्या एका विद्यार्थ्याचे आजोबा एका खासगी रुग्णालयात पहाटे वारले. जोहरला जनाजा ठरला होता. बिलाचे काही हजार कमी पडत होते आणि काउंटरवरून एकच उत्तर, 'पैसे भरा, मग बघू.' मुले नातेवाईकांना फोन लावत होती, कब्र खोदून तयार होती. शेवटी मोहल्ल्यातल्या एकाने नियम सांगितला आणि महापालिकेच्या आरोग्य विभागाला फोन लावला. अर्ध्या तासात मय्यत घरी आली, नमाज अस्रनंतर झाली. पैसे त्या घराने पुढे हप्त्याने दिले, कोणाचे बुडवले नाहीत. पण नियम आधी माहीत असता तर सकाळचे चार तास ती आजी काउंटरसमोर बसली नसती.

आगीच्या सुरक्षेचाही कायदा आहे. परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून इमारतीच्या वापरकर्त्याने वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, प्रमाणपत्र द्यायचे असते. २३ एप्रिल २०२१ ला विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागात पहाटे आग लागली. रमजान चालू होता, जुम्म्याचा दिवस होता, अनेक घरांत बातमी सहरीच्या वेळीच पोहोचली. किमान १३ कोविड रुग्ण गेले. कागदावरची तपासणी आणि खरी तपासणी यांच्यात काय फरक असतो, हे त्या पहाटे शहराला कळले.

खाटा नसलेल्या छोट्या क्लिनिकना हा नोंदणी कायदा लागू नाही. तिथे डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक बघा. एमबीबीएस किंवा एमडी असतील तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाईटवर नाव तपासता येते. संशय आला तर प्रभाग कार्यालयात लेखी कळवा.

जन्म-मृत्यूची नोंद

हे आम्ही शिक्षक म्हणून हात जोडून सांगतो. जन्म किंवा मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची. ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, त्यापुढे वर्षापर्यंत वरिष्ठांची लेखी परवानगी आणि वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या मुलांसाठी शाळा, पासपोर्ट, आधार अशा कामांत जन्मदाखला हाच जन्माचा मुख्य पुरावा आहे. घरी बाळंतपण झाले, घरी इंतकाल झाला, तर नोंदीची जबाबदारी घरातल्या वडीलधाऱ्याची. कब्रस्तानात दफन झाले म्हणजे दाखला आपोआप येतो असे समजू नका. नावाचे स्पेलिंग आईबापाच्या आधारशी जुळवून तिथेच तपासा. मोहम्मद, मोहंमद, महम्मद अशा तीन तऱ्हांनी लिहिलेले एकच नाव दहावीच्या फॉर्मच्या वेळी किती रडवते, ते आम्ही दरवर्षी बघतो.

विहिरी आणि बावखले

सांडोरच्या बाजूला अजून विहिरी आहेत, वसईची ओळख असलेली बावखलेही काही ठिकाणी उरली आहेत. बावखल बुजवले तर पावसाचे पाणी मुरत नाही, विहीर खारी होते. बावखलात कचरा टाकला तर डास होतात आणि डासांमागून डेंग्यू-मलेरिया येतो. गप्पी मासे सोडणे, धूरफवारणी, पाण्याचा नमुना तपासणे ही महापालिकेची कामे आहेत, मागून घ्या. गच्चीवरची टाकी आणि फुलदाणीतले पाणी मात्र आपणच बघायचे.

तक्रार कशी करायची

१. तोंडी सांगू नका, लेखी द्या. तारीख, जागा आणि मागणी एवढेच लिहा. मराठीतच लिहा.
२. प्रत प्रभाग कार्यालयात द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या.
३. उत्तर नाही आले तर आरोग्य विभाग, मग आयुक्त. नगरसेवकाला प्रत द्या.
४. माहितीचा अधिकार वापरा. ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते, नाही आले तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील.
५. दहा घरांनी मिळून सह्या केल्या तर एका घराच्या ओरडण्यापेक्षा त्याला वजन येते.

जमातीच्या बैठकीत मशिदीच्या रंगाची, पंख्यांची चर्चा होते, व्हायलाच हवी. त्याच बैठकीत पाच मिनिटे आरोग्य केंद्रासाठी ठेवा. कोणाच्या मुलाची लस राहिली, कुठले गटार तुंबले, कोणाचा दाखला अडला, याची एक वही करा. गल्लीतल्या एखाद्या शिकलेल्या मुलीकडे ती वही द्या आणि महिन्यातून एकदा प्रभाग कार्यालयात जाऊन शिक्का घेऊन या.