हजयात्रेकरूंची नोट

परदेशी निघण्यापूर्वी तेथील चलन पदरी बांधणे ही आज प्रवाशाची पहिली विवंचना असली, तरी १९५९ पर्यंत मुंबई बंदरातून इराणी आखातातील बंदरांकडे जाणाऱ्या माणसाला ती करावी लागत नसे; कारण कुवेत, बहारीन, कतार आणि दुबई येथील बाजारांत आपला रुपयाच राजरोस चाले, आणि कोकणातून तिकडे पोटासाठी गेलेला खलाशी ज्या नोटेने तेथे धान्य घेई, तीच नोट घरी परतल्यावर आपल्या गावच्या वाण्यापुढे ठेवू शके.

हजच्या यात्रेकरूची गोष्ट निराळी होती. हिजाजमध्ये चांदीचे रियाल आणि सोन्याची नाणी यांचा अंमल असल्यामुळे, मुंबईच्या मुसाफिरखान्यातून मोगल लाइनच्या बोटीवर चढलेल्या आणि बहुधा आयुष्यभराची पुंजी कमरेला बांधून निघालेल्या त्या माणसाला आपले रुपये जेद्दा-मक्केच्या सराफापुढे ठेवून, तो म्हणेल तो बट्टा सोसून, जड रौप्यनाणी उचलावी लागत. ही अडचण जाणूनच सौदी अरेबियाच्या चलनसंस्थेने १९५३ मध्ये यात्रेकरूंसाठी कागदी पावत्या काढल्या, आणि लोकांचा त्यांवर इतका विश्वास बसला की पुढे त्याच नोटांप्रमाणे हातोहात फिरू लागल्या.

इकडे मात्र रुपयाच्या या परदेशवासाने सरकारपुढे पेच उभा केला. सोन्याच्या आयातीवर स्वातंत्र्यानंतर निर्बंध असल्यामुळे आखातातील स्वस्त सोने गलबतांतून चोरवाटेने आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरे, त्याचे मोल रुपयांच्या नोटांत चुकते होई, आणि त्या नोटा आखातातील बँकांमार्फत परत येऊन रिझर्व्ह बँकेकडे पौंडांची मागणी करीत. म्हणजे दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या यंत्रसामग्रीसाठी ज्या गंगाजळीतील पौंड न् पौंड राखायचा, तीच या वाटेने झिरपत होती. तेव्हा १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात दुरुस्ती होऊन आखातासाठी वेगळ्या रंगांच्या, भारतात न चालणाऱ्या खास नोटा छापण्यात आल्या.

या तजविजीतच यात्रेकरूंचाही विचार झाला, आणि मला तो फार मोलाचा वाटतो. दहा आणि शंभर रुपयांच्या, 'हज' हा शब्द इंग्रजी लिपीत छापलेल्या आणि क्रमांकाआधी 'एचए' ही अक्षरे असलेल्या निराळ्या नोटा काढून सरकारने त्यांच्या यात्रेची वाट मोकळी ठेवली. विदेशी विनिमयावर १९३९ च्या महायुद्धात बसलेले आणि १९४७ च्या कायद्याने कायम झालेले नियंत्रण दिवसेंदिवस आवळले जात असताना, रत्नागिरीच्या किंवा मराठवाड्याच्या एखाद्या वृद्ध शेतकऱ्याने जन्मात एकदाच करावयाच्या यात्रेसाठी राज्यसंस्थेने स्वतंत्र नोट छापावी, ही गोष्ट आपल्या प्रशासनाच्या इतिहासात आवर्जून नोंदवण्याजोगी आहे.

आखाती रुपया फार काळ टिकला नाही. कुवेतने १९६१ मध्ये आणि बहारीनने १९६५ मध्ये आपापले दिनार काढले. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलरचा भाव ४.७६ वरून ७.५० रुपयांवर गेला, तेव्हा कतार आणि दुबई यांनीही त्याची साथ सोडली. मायदेशातील सामान्य प्रवाशाचे दिवस तर अधिकच कठीण आले. तिकिटापूर्वी रिझर्व्ह बँकेकडून 'पी' फॉर्म मंजूर करून घ्यावा आणि खिशात अवघे आठ डॉलर घेऊन विमानात बसावे, हा अनुभव त्या पिढीच्या कितीतरी लोकांच्या वाट्याला आला. ही जाचक व्यवस्था पुढे हळूहळू सैल होत गेली आणि १ जून २००० रोजी विदेशी विनिमयाचा नवा कायदा अंमलात आला; हजची बोट तर त्याआधीच, १९९५ मध्ये, थांबली होती.

हजच्या त्या नोटा आता संग्राहकांच्या लिलावांत चढ्या भावाने विकल्या जातात. परंतु त्या कोणी, कोणत्या वर्षी, कोणत्या बोटीने नेल्या, याची हकिकत नोटेबरोबर क्वचितच येते. म्हणून ज्यांच्या घरी आजोबांच्या पेटीत अशी एखादी नोट, बोटीचे तिकीट किंवा यात्रेचा परवाना असेल, त्यांनी तो विकण्यापूर्वी घरातील जुन्या माणसांकडून ती हकिकत ऐकून, तारीखवार लिहून ठेवावी.