पुस्तकांची पेटी आणि अंगणातले मूल

नाशिक जिल्ह्यातल्या कौळाणे गावचा गोपाळ नावाचा मुलगा १८७५ साली बडोद्याच्या गादीवर दत्तक गेला. वय बारा वर्षांचे, आणि शिक्षणाला खरा आरंभ झाला तो तिथे गेल्यावर! हेच पुढे सयाजीराव महाराज झाले.

महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ साली ते साऱ्या राज्यात नेले. पण लवकरच एक पेच दिसू लागला. मूल शाळेत अक्षर शिके; शाळा सुटली की घरात पुस्तक नाही, गावातही नाही. मग शिकलेले टिकावे कसे?

अमेरिकेतली सार्वजनिक ग्रंथालये महाराजांनी पाहिली होती. १९१० साली त्यांनी तिथून विल्यम बोर्डन या ग्रंथपालांना बोलावले. त्यांच्या जोडीला मोतीभाई अमीन होते. हे मूळचे शिक्षक. खेड्यांत वाचनालये काढण्याचे काम त्यांनी आधीच हाती घेतले होते.

मग फिरती ग्रंथालये निघाली. भक्कम लाकडी पेटीत पुस्तके भरायची, पेटी गावी धाडायची, वाचून झाली की परत मागवून दुसरी द्यायची. नेण्याआणण्याचा खर्च सरकारचा. गावाला कायमचे ग्रंथालय हवे असेल, तर एक वाटा गावाने उचलायचा, एक प्रांत पंचायतीने आणि एक सरकारने. गावाने आपला वाटा घातला, की ग्रंथालय गावाचे होई.

पण ज्याला अजून वाचताच येत नाही, त्या चिमुरड्याचे काय? सक्ती लागू होई ती सातव्या वर्षापासून. त्याआधीचे मूल कायद्याच्या बाहेरच. बडोद्याने यावरही विचार केला. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांसाठी वेगळी खोली केली. तिथे चित्रांची पुस्तके होती, खेळही होते. खेडोपाडी जादूच्या कंदिलाने पडद्यावर चित्रे दाखवीत. चित्र पाहायला अक्षर लागत नाही, हे त्यातले मर्म.

तरीही खोली होती शहरात. खेड्यातल्या मुलाला तिचा काय उपयोग? हा प्रश्न पुढे आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हाती घेतला. १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला त्यांनी काम सुरू केले. १९५७ साली ते कोसबाडला गेले. मुले बालवाडीत येत नाहीत, असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच मुलांच्या वस्तीत, त्यांच्या अंगणात नेली. आजूबाजूचे खडे, पाने, बिया हेच शिकण्याचे साहित्य झाले.

बडोद्याची पेटी आणि बोर्डीचे अंगण यांचा एकमेकांशी थेट संबंध नाही. पण धडा दोन्हींचा एकच. ज्याला गरज आहे, तो आपणहून दाराशी येईलच असे नाही. आपण त्याच्या दाराशी गेले पाहिजे.

गुरुजी, आपल्या शाळेतही कपाटात पुस्तके असतीलच. फाटतील म्हणून ती कुलुपात ठेवू नका. आठवड्यातून एक दिवस पाच-सहा पुस्तके पिशवीत घालून वस्तीवर जा. चौथीतल्या पोरीला मोठ्याने वाचू द्या आणि तिच्या धाकट्या भावाला चित्र बघू द्या. पुस्तक फाटले तर चिकटवता येते. पण मुलाचे ते वय पुन्हा येत नाही.