गरोदरपणातील आहारनिषेध आणि अन्नसुरक्षा : सोलापूरच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

महाराष्ट्रात गर्भवती स्त्रीच्या आहाराचा विचार प्रामुख्याने निषेधाच्या भाषेत झाला आहे. पपई ‘उष्ण’ म्हणून वर्ज्य. बाळ मोठे होऊन बाळंतपण अवघड जाईल म्हणून जेवण बेताचे, असे संकेत पिढ्यानपिढ्या पाळले गेले. त्यामागील काळजी खरी होती. परंतु धोक्याचे स्थान वेगळे होते, असे इतिहासावरून दिसून येते.

१८७७ साली जुनी गिरणी सुरू झाल्यानंतर सोलापूर हे मुंबई इलाख्यातील महत्त्वाचे गिरणगाव बनले. गिरणी कामगार स्त्रियांच्या गरोदरपणातील रक्तक्षयाचा अभ्यास मात्र मुंबईत झाला. डॉ. लूसी विल्स यांनी १९२८ पासून तो हाती घेतला. गरीब स्त्रियांच्या आहारात प्रथिने, फळे व भाजीपाला अत्यल्प असल्याचे त्यांना आढळले. यीस्टच्या स्वस्त अर्काने हा रक्तक्षय बरा होतो, हे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्यातील उपयुक्त घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. १९७० साली भारतात गर्भवतींसाठी लोह व फॉलिक आम्लाच्या गोळ्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. थोडक्यात, ताटात काय आले यापेक्षा काय आले नाही, हे अधिक घातक ठरले होते.

याचा अर्थ सर्व निषेध निराधार होते असा नव्हे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या, उंदरांवरील प्रयोगांत पिकलेल्या पपईचा अपाय दिसला नाही. कच्च्या पपईच्या चिकाने मात्र गर्भाशयाचे आकुंचन झाले. लोकसमजुतीत सत्यांश होता, परंतु कच्चे व पिकलेले हा भेद पुसट झाला.

याउलट, सोलापूरच्या चटणीतील शेंगदाणा संशयातून सुटला. उत्तम शेंगदाण्यात प्रथिने व फोलेट असतात. ओलाव्याने बुरशी आलेल्या शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन हे विष असू शकते. १९६० साली इंग्लंडमध्ये शेंगदाण्याच्या दूषित पेंडीने एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, तेव्हा या विषाचा शोध लागला. ते भाजण्याने पूर्णतः नष्ट होत नाही आणि मातेकडून गर्भापर्यंत पोहोचते.

सारांश, गर्भवतीची अन्नसुरक्षा वर्ज्य पदार्थांच्या यादीवर अवलंबून नाही. पुरेसे अन्न, त्याची साठवण आणि निषेधामागील कारणाची तपासणी या तिन्हींवर ती उभी आहे. कारण न तपासता पाळलेले पथ्य गरीब घरात उपासमारीचेच दुसरे नाव ठरते.